'आणि पार्टी'

चौदा एप्रिल जवळ आला की आमच्या हरसूलच्या घरात एक ठरलेले काम निघते. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घ्यायची, तिच्यातल्या तबकड्या एकेक करून बाहेर काढायच्या, सावलीत उभ्या लावायच्या आणि मऊ सुती कापडाने पुसायच्या. शेजारची पोरे दारात उभी राहून विचारतात, "गुरुजी, बाई, ह्या काळ्या ताटल्या कशाला सांभाळता? मोबाईलवर सगळी भीमगीते मिळतात की!"

पोरांचे म्हणणे खोटे नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, कुणाचेही गाणे आता बोट लावले की वाजते. पण आम्ही जो आवाज शोधतो आहोत तो मोबाईलवर सापडणार नाही. तो गायकाचा नाही, झीलकऱ्याचा आहे.

झीलकरी म्हणजे कोण, हे आपल्या जुन्या वाचकांना सांगायला नको. नव्या पिढीसाठी सांगतो. जलशात शाहीर पुढे उभा राहून गातो आणि मागचे चार-पाच जण त्याची ओळ उचलून धरतात, ती झील. शाहीर दम घेतो तेव्हा गाणे झीलकऱ्यांच्या खांद्यावर असते. आपल्या नाशिक जिल्ह्याला हे सारे घरचेच. शाहीर भीमराव कर्डकांनी १९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा ज्यांनी वाचली नाही, त्यांनी ती जलशात ऐकली. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आले आणि घराघरातल्या आयाबहिणींच्या तोंडी बाबासाहेबांचे गाणे बसले. शाहिरांची नावे राहिली, राहायलाच हवीत. मागे उभे राहून जे ओरडले त्यांची नावे मात्र कुठे लिहिलेली नाहीत.

आमचे आबा झीलकरी होते.

आबा मुंबईला गिरणीत होते. पाळी सुटली की चाळीतल्या खोलीत पेटी-ढोलकी निघायची. आबांना शब्द नीट पाठ नसत, पण ओळीचा शेवट धरून ठेवायची त्यांच्या छातीत ताकद होती. ते आम्हाला सांगत, "एकदा आमच्या पार्टीची तबकडी निघाली होती. मी मागं होतो." कोणत्या साली, कोणत्या कंपनीची, गाणे कोणते, यातले त्यांना धड काही आठवत नसे. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन काही वर्षे झाली होती, एवढे सांगत. त्या दिवशीचा खाडा झाला आणि हातात चहा-भजी व ट्रामचे भाडे पडले, हे मात्र त्यांना पक्के आठवे. घरात ती तबकडी कधीच नव्हती. वाजवायला यंत्र नाही, तर तबकडी घेऊन करायचे काय?

१९८४ साली आबा गेले. तोवर गावोगाव टेपरेकॉर्डर आले होते, आमच्याही घरात होता. त्यावर आम्ही भाषणे टेप केली, कॅसेटी आणून गाणी ऐकली. पण समोर खाटेवर बसलेल्या माणसाचा आवाज टेप करून ठेवावा, हे आम्हा शिकल्यासवरल्या दोन शिक्षकांना सुचले नाही. ही चुटपुट मनात राहिली आणि तिच्यातूनच हा नाद लागला.

नाद म्हणजे कसला? सुटी मिळाली की नाशिकला गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार, पुण्याचा जुना बाजार, मुंबईला गेलो तर चोरबाजार. जिथे मोडकी घड्याळे, पितळी दिवे, गंजलेली कुलुपे मांडलेली असतात, तिथे बाजूला तबकड्यांचा ढीग असतो. आम्ही दोघे जमिनीवर उकिडवे बसून एकेक लेबल वाचत जातो. सिनेमाची गाणी, भजने, लावण्या, मधूनच एखादे भीमगीत. तबकड्या तीन प्रकारच्या असतात. जुनी लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटांचे एक गाणे. नंतरची छोटी, ४५ फेऱ्यांची. आणि मोठी, ३३ फेऱ्यांची लाँग प्ले. कॅसेटी आल्या तशा या सगळ्या घराघरातून बाहेर फेकल्या गेल्या. भंगारवाल्याने त्या पितळेबरोबर उचलल्या तरी उपकारच म्हणायचे, कारण कितीतरी तबकड्यांचे पोरांनी चाक करून फिरवले.

एकदा शहरातला एक व्यापारी आमच्याकडच्या तबकड्या बघायला आला. एकेक उजेडात धरून ओरखडे मोजू लागला आणि नाक मुरडून म्हणाला, "माल खराब आहे. फार वाजवलाय." आम्हाला हसू आले. भीमजयंतीला कर्ण्यावर, लग्नात, बारशाला, वस्तीतल्या एकुलत्या एका यंत्रावर जी तबकडी वाजली तिच्यावर ओरखडे नसतील तर काय असेल? कोरी करकरीत भीमगीताची तबकडी म्हणजे ती कुणी ऐकलीच नाही!

आमचा एक भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. आमचा हा खटाटोप पाहून त्याने तिकडची एक हकीकत कळवली आणि पुढे सुटीत येताना काही छोट्या तबकड्याही आणल्या. अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचे सोल आणि फंक नावाचे संगीत आहे. १९६० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्या अगणित छोट्या तबकड्या निघाल्या. ज्या अमेरिकेत खपल्या नाहीत, त्याच उत्तर इंग्लंडातल्या कारखान्यांत राबणाऱ्या तरुणांनी हुडकून काढल्या आणि रात्र-रात्र त्यांवर नाच केला. दुर्मिळ तबकडी ज्याच्याकडे असे तो तिच्या लेबलवर दुसरा कागद चिकटवी, म्हणजे गायक कोण हे दुसऱ्याला कळू नये! फ्रँक विल्सन नावाच्या गायकाची १९६५ सालची एक तबकडी तर बाजारात येण्याआधीच मागे घेतली गेली. तिच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती उरल्या आणि २००९ साली त्यातली एक पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. आम्ही हे वाचून दोघेही गप्प बसलो. तेवढ्या पैशात हरसूलला घर झाले असते.

पण किमतीपेक्षा दुसरीच गोष्ट आमच्या मनात घर करून बसली. डेट्रॉइट शहरात १९५९ साली मोटाऊन नावाची काळ्या मालकाची कंपनी निघाली. तिची गाणी जगभर गाजली. त्या गाण्यांमागे वाजवणारा एकच ताफा होता, फंक ब्रदर्स. वर्षानुवर्षे लेबलवर त्यांचे नाव नाही. १९७१ साली मार्विन गे याच्या लाँग प्लेवर ती नावे पहिल्यांदा छापली गेली आणि त्यांच्यावर मोठा चित्रपट निघाला तो २००२ साली. तोवर त्यातले कितीतरी जण मरून गेले होते. म्हणजे मागे उभे राहणाऱ्याची गत सातासमुद्रापारही तीच.

भाच्याने आणलेल्यांत जेम्स ब्राऊनची १९६८ सालची एक तबकडी आहे. काळे असल्याचा अभिमान मोठ्याने सांगा, असा तिचा आशय. इंग्रजीचा आमचा सराव बेताचा, पण ती लावली आणि पहिल्याच कडव्याला आम्ही एकमेकांकडे पाहिले. तो पुढून अर्धी ओळ फेकतो आणि मागून लहान मुलांचा घोळका ती पुरी करतो. ही तर झील! ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर निघाली, तिचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, हे आपण सारे जाणतो. विचार समुद्र ओलांडून आला. झील मात्र तिकडे त्यांची होती आणि इकडे आपली आधीपासूनच होती. कुणी कुणाकडून उसनी आणलेली नाही.

असो. मूळ गोष्ट राहिली.

२०१० सालच्या हिवाळ्यात नाशिकच्या बुधवारच्या बाजारात आम्हाला एक लाखेची तबकडी मिळाली. लेबल इतके झिजलेले की गायकाचे नाव गेले होते. शेवटचे दोन शब्द तेवढे वाचता येत होते, 'आणि पार्टी'. त्या काळी असेच छापत. मुख्य गायकाचे नाव आणि बाकीचे सगळे मिळून पार्टी. वीस रुपयांना घेतली. घरी आणून यंत्राची सुई बदलली, कारण लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते. आई भिंतीला टेकून नागलीचे पीठ चाळत होती. गाणे बाबासाहेबांवरचे होते. दुसऱ्या कडव्यानंतर झील आली आणि आईचे हात थांबले.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावली.

"ती शेवटची ओढ आहे ना, ती त्यांची. बाकीचे सोडून देतात. हे धरून ठेवायचे."

आम्ही त्या ओळीला कितीदा कान लावला. चार-पाच आवाजांत एक खरोखरच मागे रेंगाळतो. ते आबाच होते का, हे शपथेवर सांगता येणार नाही. पण सत्तावीस वर्षे ज्यांनी त्यांच्या संसारात काढली, त्या माउलीला विचारण्यापलीकडे दुसरा पुरावा तो कोणता? त्या हिवाळ्यात आईने ती तबकडी तीनदा ऐकली. जास्त लावू नका, झिजेल, असे तीच म्हणे.

मग आला पावसाळा. हरसूलचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल, वह्यांना बुरशी. अश्विनात पेटी उघडली तर तबकड्यांवर पांढरे ठिपके. घरात जखम पुसायचे स्पिरिट होते. आम्ही मनाशी म्हटले, डॉक्टर सुई टोचण्याआधी याच्याने कातडी पुसतात, याच्याने बुरशी मरेल. कापसाचा बोळा भिजवला आणि नेमकी तीच तबकडी आधी घेतली, कारण तिचीच काळजी जास्त. बोळा काळा झाला. आम्हाला वाटले, मळ निघतो आहे. आणखी पुसले. हात थांबला तेव्हा तबकडीची चमक गेली होती आणि बोटांना ती चिकट लागत होती.

मागाहून गावातल्या सुताराला सांगितले तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो, आम्ही लाकडाला पॉलिश करतो ते कसं करतो? चपडा लाख स्पिरिटमध्येच तर विरघळवतो!" पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर बारीक किडे जी लाख करतात, तीच दगडाच्या भुकटीत आणि काजळीत मिसळून ही तबकडी घडलेली. जंगलाच्या कडेला जन्म काढून आम्हाला एवढे ठाऊक नव्हते. पुस्तके वाचलेल्या दोघांना ठाऊक नव्हते आणि सुताराला होते.

ती बाजू आता लावली तर खरखर येते, आणि तिच्या आतून, भर पावसात पलीकडच्या डोंगरावरून कुणी हाक मारावी, तसे काहीतरी. झील ओळखू येत नाही. उलटी बाजू वाचली, पण तिच्यात एकट्या गायकाचे गाणे आहे, मागे कुणी नाही. आईला सांगायचा धीर दोन दिवस झाला नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले. ती रागावली नाही. "राहू दे. ऐकली ना मी," एवढेच म्हणाली. त्यानंतर ती तीन वर्षे होती. त्या तबकडीचे नाव तिने पुन्हा काढले नाही, आणि तेच आम्हाला जड गेले.

एक गोष्ट मात्र शाबूत आहे. लेबलाच्या बाहेर, जिथे खाचा संपतात, त्या गुळगुळीत पट्टीवर कारखान्यात एक नंबर कोरलेला असतो. प्रत्येक प्रतीवर तोच नंबर. तो आम्ही वहीत उतरवून ठेवला आहे. एका साच्यातून एकच तबकडी कधी निघत नाही. तिची दुसरी प्रत कुठे तरी, कुणाच्या माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे, जुन्या ट्रंकेत लुगड्यांखाली असणार.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे. घरात जुन्या तबकड्या असतील तर भंगारात घालू नका. जड, ठिसूळ, पडली की फुटणारी असेल तर ती लाखेची समजा. तिला स्पिरिट, अत्तर, रॉकेल काही लावू नका. किंचित ओलसर फडक्याने पुसा, लेबल भिजू देऊ नका आणि लगेच कोरडी करा. लवणारी प्लास्टिकची असेल तर सौम्य साबणाचे पाणी चालते. उन्हात ठेवू नका, वाकडी होते. आडव्या थप्पीत रचू नका, उभ्या लावा. पावसाळी मुलखात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम धरतो. आणि लेबलवर नाव पुसून 'आणि पार्टी' एवढेच उरले असेल, तर त्या गुळगुळीत पट्टीवरचा नंबर भिंग घेऊन वाचा व या साप्ताहिकाकडे कळवा. तबकडी आम्हाला द्यायची गरज नाही. एस.टी.ने आम्ही तुमच्या गावी येऊ, यंत्र आणि जाड सुई सोबत आणू, तुमच्याच घरात बसून एकदा ऐकू. या खेपेला टेप करून घेऊ.

जयभीम.