घरात अर्थच नाही!

गेल्या वैशाखात इंदूरच्या रामबागेतील आमच्या जुन्या घरी विजेवर चालणारी मोटार आली. तिच्यासोबतचा चार्जर आम्ही ओसरीवरच्या १६ अँपिअरच्या प्लगला लावला आणि त्यावर तांबडा दिवा लागला. प्लग बदलला, एम.सी.बी. खालीवर केली, पुस्तिका चाळली. दिवा तांबडा तो तांबडाच. यंत्रच सदोष, असा निवाडा देऊन आम्ही मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने होल्डरमधला बल्ब फेज आणि न्यूट्रल यांना जोडला. तो लख्ख पेटला. तोच बल्ब फेज आणि अर्थ यांना जोडला. तो मिणमिणलासुद्धा नाही. "साहब, चार्जर ठीक है. आपके घर में अर्थ ही नहीं है."

जन्मभर मराठी शिकविलेल्या आम्हांला हे ऐकून घ्यावे लागले!

चार वर्षांपूर्वी आम्ही हौसेने अंगणात फरशी बसविली, तिच्याखाली अर्थिंगचा खड्डा बुजला. त्यात पाणी पडेना, तारेचा सांधा गंजून तुटला. यंत्रातून झिरपणाऱ्या विजेला जमिनीत उतरण्याची वाट नसली, की ती स्पर्श करणाऱ्याच्या देहातून वाट काढते. म्हणून अर्थची खात्री पटल्यावाचून चार्जर कामाला लागत नाही. फ्रीज मात्र असे काही विचारीत नाही.

फ्रीजचे नाव निघताच आम्ही चपापलो. "अरे, फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात," हे आमच्या आत्याबाई चार वर्षे सांगत होत्या. "वयोमानाने होते तसे. आत्या, चपला घालून उघडत जा," हे आमचे ठरलेले उत्तर. यंत्राच्या एका दिव्यासाठी आम्ही दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलाविला. घरच्या माणसाच्या तक्रारीसाठी चार वर्षांत नाही.

फरशी फोडून नवा खड्डा केला, नवी तार ओढली. ३० मिलिअँपिअर वीज गळताच प्रवाह तोडणारा आर.सी.सी.बी. बसविला. वाचकहो, बल्बचा प्रयोग जाणत्या वायरमनवरच सोपवावा. पण घरात कुणी मुंग्यांची तक्रार केली, तर त्याला त्याच दिवशी बोलवावे.

संध्याकाळी चार्जरवर हिरवा दिवा लागला. आत्याबाईंनी अनवाणी पायांनी फ्रीज उघडला, क्षणभर दारावर हात ठेवला. बोलल्या काहीच नाहीत; ताकाचा पेला तेवढा आमच्या हाती दिला.