धुक्याचं देणं

लहान मुलांना सिनेमाने घाबरवू नये, असं आमच्या वाड्यात सगळ्यांचंच मत होतं. अपवाद वरच्या मजल्यावरच्या काकांचा. नोकरी बँकेत, जीव मात्र फिल्म सोसायटीत. रिळांचे डबे स्टेशनवरून आणण्यापासून हॉलमध्ये सतरंज्या घालण्यापर्यंत सगळं तेच करायचे. एकदा मुख्य चित्रपटाआधी त्यांनी युरी नॉर्स्टाइनचा 'हेजहॉग इन द फॉग' लावला. १९७५चा, जेमतेम दहा मिनिटांचा रशियन ॲनिमेशनपट.

गोष्ट म्हटली तर काहीच नाही. रास्पबेरीच्या मुरंब्याचं गाठोडं घेऊन हेजहॉग अस्वलाच्या पिल्लाकडे तारे मोजायला निघतो. वाटेत धुक्यात उभा पांढरा घोडा दिसतो. हा झोपला तर धुक्यात बुडेल का, एवढ्याच शंकेपायी तो खाली उतरतो आणि हरवतो. मागे घुबड, पुढे काहीच नाही. मी ओंजळीत तोंड लपवलं आणि बोटांच्या फटीतून सगळं पाहिलं.

'पोर रात्रभर झोपली नाही,' म्हणून आईने काकांना चांगलंच सुनावलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मला वर बोलावलं, पेपरातल्या एका फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवला. फोटो स्वच्छ दिसत होता. मग कागद हळूहळू वर उचलायला लागले. चेहरा फिकटला, कडा विरघळल्या, शेवटी नुसतं पांढरं. नॉर्स्टाइनने धुकं असंच केलं होतं: काचेच्या थरांवर कातरलेली चित्रं आणि वर अगदी पातळ कागद, तो चौकटीगणिक कॅमेऱ्याकडे उचलत न्यायचा.

युक्ती कळली म्हणजे भीती जाईल, असा त्यांचा हिशेब असावा. ती गेली नाही. उलट घोडा जास्तच सुंदर दिसायला लागला, आणि जास्तच भीतिदायक. आज एडिटिंगच्या टेबलावर एखादा अंधारा शॉट कुणी 'जरा उजळ करा' म्हणालं, की मी हटून बसते. तो हट्ट काकांचा.

पुढे नॉर्स्टाइनच्याच 'टेल ऑफ टेल्स'वरून आमचं बिनसलं. १९७९चा तो चित्रपट, त्यातलं ते डोळे रोखून बघणारं लांडग्याचं पिल्लू काकांना सगळ्यात वरचं वाटायचं. मी घोड्यावर अडून. १९८१ पासून गोगोलच्या 'ओव्हरकोट'वर झुरत बसलेल्या नॉर्स्टाइनचा तो चित्रपट पुरा झाला, की मग निकाल लावू, असं ते म्हणायचे. त्यांनी मला कधी जिंकू दिलंच नाही.