कुडावरचा चौक

भात झोडून झाल्यावर आम्ही उभयता डहाणूजवळच्या गंजाडला गेलो. जिव्या सोमा मशे यांचे हे गाव. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

एका घरी लग्नाचा चौक लिहिणे चालले होते. हो, वारली लोक चौक ‘लिहितात’! कारवीच्या कुडाला शेणमाती, वर गेरू. तांदळाच्या पिठाचे पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. सामान एवढेच. मधोमध पालघट देवी.

म्हातारी सवाष्ण म्हणाली, “भाऊ, पोरगा सिमिटाचं घर बांधतोय. ही एक भिंत तरी ठेव म्हटलं त्याला.”

मुलगा गप्पच होता.

आमच्या उंबऱ्यावर प्लॅस्टिकची रांगोळी चिकटवलेली. घरी येताच हिने ती खरवडून काढली आणि मूठभर तांदूळ भिजत घातले.