गळ्यामागचा हूक

आमच्या जैनाबादेत बर्फ म्हणजे लग्नात पाण्याच्या ड्रममध्ये टाकायची लादी. बर्फावर माणसं जोडीनं नाचतात आणि त्याला ऑलिम्पिकचं पदकही असतं, हे मला भाचीमुळे कळलं.

बुऱ्हाणपुरातल्या एका नृत्यस्पर्धेत तिच्या पदराची पिन सुटली. एका हातानं पदर सावरत तिनं नाच पुरा केला, नंबर गेला. गुण किती मिळाले, कशाचे कापले, कुणी सांगितलं नाही. तापी ओलांडून घरी येईपर्यंत ती गप्प होती. रात्री तिनं मोबाइलवर २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमधला आइस डान्स लावला.

फ्रान्सची गॅब्रिएला पापाडाकिस आणि गियोम सिझरॉन. नाच सुरू झाला नाही तोच तिच्या गळ्यामागचा हूक निघाला. तरी ती थांबली नाही. त्या पहिल्या फेरीत त्यांना ८१.९३ गुण, कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयरना ८३.६७. दुसऱ्या दिवशी फ्रेंच जोडी पुढे: १२३.३५, कॅनडा १२२.४०. बेरीज २०५.२८ आणि २०६.०७. सुवर्णपदक ०.७९ नं गेलं.

मी तिथेच अडकलो. यात हुकाचे किती?

भाचीनं समजावलं. एक पडला तर एक गुण वजा, दोघं पडले तर दोन. साधी उचल सात सेकंदांच्या पुढे लांबली की एक. इथवर मला पटलं, नियम सगळ्यांना सारखा. पण पडल्याचा फटका तिथेच संपत नाही. नऊ परीक्षक आता प्रत्येक करामतीला वजा पाच ते अधिक पाच देतात, तिथेही तीच चूक मोजली जाते. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान आकडा सोडून उरलेल्यांची सरासरी काढतात, म्हणजे एकट्याच्या लहरीला वाव कमी. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत जोडी-स्केटिंगच्या फ्रेंच परीक्षक बाईंनी दबावाखाली मत दिल्याचं प्रकरण झालं, तेव्हा कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण द्यावं लागलं. त्यानंतर सहा गुणांची जुनी पद्धत गेली. मात्र नव्या पद्धतीत कोणत्या परीक्षकानं किती दिले हे झाकून ठेवलं. तो पडदा २०१६ मध्ये उठला. इतकी वर्षं झाकायचं काय होतं, हे मला अजून उमगत नाही.

आता सगळं कागदावर छापून येतं. पण हूक निघाल्यावर खांदे आखडले, लक्ष पाठीकडे गेलं, त्याला त्या कागदावर ओळ नाही. ते परीक्षकांच्या नजरेत शिरतं आणि सरासरीत विरघळतं.

दुसऱ्या दिवशी भाचीनं वहीच्या पानावर रकाने आखले: पदन्यास, ताल, हावभाव, वजा. "मामा, माझा व्हिडिओ बघून तूच गुण दे. मामा म्हणून नको देऊस."

तीनदा बघितला. पहिले तीन रकाने भरले. पिन सुटते तिथे तिचा डावा हात वर जायचा राहतो, पण ताल सुटत नाही. वजाच्या रकान्यात मी एक लिहिला, खोडला, अर्धा लिहिला. तोही खोडला. पान अजून माझ्याकडेच आहे.