आता कुणाचा नंबर?

गिरगावातल्या चाळींत वाढत्या वयाची मुलं एकेकटी वाढतच नसत. एका बिऱ्हाडात सख्खी, चुलत आणि शिकायला म्हणून गावाहून आलेली आतेभावंडं अशी पाच-सात पोरं एकाच वेळी बारा ते अठराच्या दरम्यान असायची. जागा म्हणजे दोन खोल्या, कोपऱ्यात मोरी, समोर सामाईक गॅलरी आणि स्वयंपाकघरावर पोटमाळा. 1970 ते 1985 या वर्षांत ज्यांना मिसरूड फुटली, किंवा ज्यांच्या दोन वेण्यांची एक वेणी झाली, त्या सगळ्यांना एक प्रश्न पाठ आहे : आता कुणाचा नंबर?

नंबर सुरू व्हायचे ते पहाटे, नळाला पाणी आलं की. पिंप, घागर, कळशी, बादली आणि शेवटी हाताला लागेल ते पातेलं. एकानं नळाखाली धरायचं, दुसऱ्यानं वाहायचं, तिसऱ्यानं दुधाच्या केंद्रावर पळायचं. आरेच्या त्या काचेच्या बाटल्या, तोंडावर पातळ चंदेरी झाकण, आणि कार्डावर असतील तेवढ्याच मिळायच्या. रांगेत माणसाऐवजी पिशवी उभी असायची, कधी नुसती वीट, आणि त्या विटेचा मान सगळे राखायचे. केंद्रावर कॉलेजात शिकणाऱ्या मुली कामाला असत. पहाटे दूध वाटून, दहाला लेक्चरला बसणाऱ्या त्या तायांचा आम्हाला केवढा आदर! चंदेरी झाकणं अर्थातच कुणी टाकत नसे. धुवायची, नखानं सपाट करायची, वहीत दाबून ठेवायची. भाद्रपदात त्यांची तोरणं गणपतीच्या मखराला लागायची.

आंघोळीचं वेळापत्रक आकाशवाणीनं आखून दिलेलं होतं. 6:55ला संस्कृत बातम्या लागल्या की मोरीत असेल त्यानं आवरतं घ्यायचं. 7:05च्या मराठी बातम्यांना पुढचा आत हवा. पाणी स्टोव्हवर एकच पातेलं तापायचं, त्यात विसण घालून घालून ते चौघांना पुरवायचं. ज्याचा नंबर शेवटचा, त्याच्या वाट्याला नुसतं विसणच. म्हणून शेवटचा नंबर रोज बदलायचा, आणि तो बदलला की नाही हे पाहायला आजी मोरीच्या दाराशी पाट टाकून बसलेली असायची. तिचा निवाडा कधी कुणी मोडला नाही.

आरसा एकच. गॅलरीच्या बाजूला, उजेडाकडे तोंड करून खिळ्याला टांगलेला. ताईच्या दोन वेण्या, धाकटीच्या दोन वेण्या, मधल्याचा भांग, थोरल्याची नव्यानं सुरू झालेली दाढी. रिबिनी आदल्या रात्री धुऊन ओल्याच बाटलीला घट्ट गुंडाळायच्या. सकाळी इस्त्री केल्यासारख्या सरळ. पँटची घडीसुद्धा अशीच, गादीखाली घालून रात्रभर वर झोपायचं. धार अशी यायची की परटाला चार पैसे देण्याची गरजच पडू नये.

पँटींबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. कापड शिंप्याकडे टाकताना घरची सूचना ठरलेली : खाली चांगली चार बोटं दुमड ठेवा. मग दर जूनला त्यातली एक टीप उसवायची आणि पँट थोडी खाली यायची. जिथं कापड दुमडलेलं होतं तिथं मूळ रंगाची गडद रेघ दिसायची, कारण बाकीची पँट धुऊन धुऊन विटलेली असायची. एक रेघ म्हणजे एक वर्ष. दोन-तीन रेघा म्हणजे पँट वरून खाली आलेली, थोरल्याकडून मधल्याकडे. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या पँटींवर अशा रेघा असत, त्यामुळे त्यांची लाज कुणालाच वाटली नाही. शर्टाची कॉलर झिजली की उसवून, उलटी करून परत लावायची. शर्टाला नवं वर्ष मिळायचं. बेलबॉटमचं वारं आलं तेव्हा नवीन पँटी कुठून आणणार? सरळ पँटीची शिवण गुडघ्याखाली उसवून तिथं तिकोनी कळी घातली. कापड थोडं वेगळ्या छटेचं, पण चालताना घेर दिसला म्हणजे झालं. फॅशन गेली तशा त्या कळ्या निघाल्या, आणि आईनं त्याही जपून ठेवल्या. पुढे त्यातल्या दोन दप्तराच्या फाटलेल्या कोपऱ्यांना लागल्या.

मुलींच्या कपड्यांचा प्रवास आणखी लांबचा. आजीचं नऊवारी जरा विरलं की त्याच्या चांगल्या भागाचं परकर-पोलकं. ते आखूड झालं की धाकटीला. मग उशीचे अभ्रे, मग गोधडीचा थर, मग पायपुसणं, आणि सगळ्यात शेवटी मोरीतलं पोतेरं. बोहारणीच्या हाती पडायचं ते यातलं काहीच जमणार नाही असं कापड, आणि तरी तिच्याकडून एक स्टीलचं भांडं काढायला आई आणि काकू दोघी मिळून दुपार घालवायच्या.

जून उजाडला की पुस्तकांचे नंबर. बालभारती 1967 साली स्थापन झाली आणि पाठ्यपुस्तकं राज्यभर एकसारखी होत गेली. त्याचा आमच्यासारख्या घरांना मोठा फायदा झाला : गावच्या आतेभावाचं पुस्तकही मुंबईत चालायचं. पहिल्या पानावर नावं एकाखाली एक. वरच्या नावावर आडवी रेघ, खाली नवं नाव, इयत्ता, तुकडी. आत थोरल्याच्या पेन्सिलीच्या खुणा, ताईनं समासात लिहिलेले अर्थ, मधल्यानं शिवाजी महाराजांच्या घोड्याला काढलेली जास्तीची शेपटी. तिसऱ्या नंबरवाल्याला पुस्तकाबरोबर अर्धा अभ्यासही तयार मिळायचा. अभ्यासक्रम बदलला की ही साखळी तुटायची आणि घरावर संकट यायचं. आमच्याकडे ते मोठं आलं 1975 साली, दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली तेव्हा. थोरला अकरावीचा मॅट्रिक, त्याच्या पाठची ताई एकदम नव्या दहावीला. त्याची सगळी पुस्तकं तिला निरुपयोगी. वडिलांनी त्या वर्षी स्वतःसाठी नवी चप्पल घेतली नाही, अंगठा तुटलेलीच पुन्हा शिवून वापरली. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. चप्पल दाराबाहेर होती, ती दिसत होती.

पुस्तकांना कव्हरं जुन्या वर्तमानपत्राची. कुणाकडून सोविएत मासिकांची गुळगुळीत पानं मिळाली तर त्यासाठी भांडणं. कालनिर्णय 1973 पासून भिंतीवर आलं, पण त्याची उलटलेली पानं आम्हाला मिळायची नाहीत, कारण पाठीमागे पाककृती असायच्या आणि त्या काकूच्या. वर्ष संपलं की सगळ्यांच्या वह्यांतली कोरी पानं काढून, दाभणानं शिवून नव्या वह्या व्हायच्या. पाठकोरे कागद वेगळे, त्यांवर गणितं. एकीकडे ऑफिसातलं टंकलेखन, दुसरीकडे आमचं बीजगणित. शाईची दौत एकच, ड्रॉपरनं भरायची. सांडली तर खडू घासायचा, आधी फरशीवर आणि मग शर्टाच्या खिशावर.

बोर्डाच्या परीक्षेचं वर्ष ज्याचं असेल त्याला पोटमाळा मिळायचा. हा घरातला सगळ्यात मोठा मान. शिडीनं वर जायचं, ताठ उभं राहता यायचं नाही, एका बाजूला ट्रंका, वळकट्या आणि गणपतीची आरास, दुसऱ्या बाजूला चटई आणि वायरला लोंबणारा चाळीसचा बल्ब. खालचा फोडणीचा धूर वर येऊन साचायचा. मिरचीची फोडणी पडली की वर भूमिती बंद आणि खोकला सुरू. तरी ती जागा सुटावी असं कुणालाच वाटायचं नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी आपलं, एकट्याचं असायचं. त्या वर्षी रेडिओ हळू, आवाज हळू, शेजारच्या बिऱ्हाडातला उखळाचा ठोकासुद्धा दुपारनंतर बंद. रात्री अकराला शिडीच्या वरच्या पायरीवर दुधाचा पेला येऊन बसायचा. कुणी ठेवला ते विचारायचं नसतं.

एक गोष्ट मात्र गोडवे गाताना झाकून चालणार नाही. पोटमाळ्यावर ताईचा नंबर आला तेव्हा तिला दर तासाला खाली बोलावलं जायचं. पोळ्या लाटायला, पाहुण्यांना चहा द्यायला, धाकटीची वेणी घालायला. थोरला वर असताना त्याला कुणी हाक मारली नव्हती. ताईला मार्क त्याच्यापेक्षा जास्त पडले. त्या काळच्या कितीतरी घरांतल्या मुलींनी असाच, उतरत-चढत अभ्यास केला, आणि त्या श्रमांचा हिशेब कुणी ठेवला नाही. आठवणी काढायच्या तर त्याही काढायला हव्यात.

संध्याकाळचे नंबर रेडिओचे. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. लहरींचा आवाज समुद्रासारखा चढायचा-उतरायचा, नेमकं गाणं कितव्या पायरीवर आहे ते सांगताना उतरायचा, आणि मग चार घरांतली पोरं गॅलरीत येऊन एकमेकांना विचारायची. पायऱ्यांचा हिशेब पाठकोऱ्या वहीत, तारखेसकट. 1972च्या 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पण आमच्या मजल्यावर संच यायला पुढे बराच काळ लागला. आला तो एकाच बिऱ्हाडात. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर आम्ही, खिडकीत आणखी डोकी. त्या घरातल्या काकूंनी कधी कपाळाला आठी घातली नाही. उलट मध्ये बातम्या लागल्या की भिजवलेले शेंगदाणे फिरायचे. 25 जून 1983च्या रात्री तर मजला तिथंच होता. कपिल देवच्या हातात विश्वचषक आला आणि खाली रस्त्यावर फटाके वाजले, ते आमच्याच घरातल्या दिवाळीच्या उरलेल्या पुडीतले होते. आजोबांनी ती लंगडी फळी बसवलेल्या फडताळात दडवून ठेवली होती. कशासाठी, ते त्या रात्री कळलं.

फोनही त्याच बिऱ्हाडात. आमच्या नातेवाइकांच्या वहीत आमच्या नावापुढे तो क्रमांक आणि कंसात पीपी, म्हणजे शेजाऱ्यांमार्फत. कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला की हाक चार दारं ओलांडून यायची, म्हणजे बातमी चार घरांत आधी आणि ताईला नंतर. बोलणं मग 'हो', 'नाही', 'उद्या' एवढंच.

खाण्याचे नंबर नव्हते, वाटे होते. रात्रीच्या पोळ्या उरल्या तर सकाळी कुस्करा, भात उरला तर फोडणीचा. पंधरा-सोळाच्या मुलांना भूक किती लागते हे त्या बायकांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्या नुसत्या तांदळाची उकड जास्त शिजवायच्या, मेतकूट पुढे सरकवायच्या, आणि खरवडीसाठी पातेलं कुणाकडे जाणार हे आधीच जाहीर करून भांडण मिटवायच्या. खरवड ज्याला मिळायची त्यानं पातेलं घासायचं, हा नियम. आम्ही सगळे पातेली घासायला शिकलो ते खरवडीपायी.

मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. डोंबिवली, बोरिवली, मुलुंड, ज्याला जिथं ब्लॉक परवडला तिथं तो गेला. सामान वाटताना कुणी काही मागितलं नाही, उलट जो तो दुसऱ्याच्या पदरात टाकत होता. पिंप थोरल्याकडे गेलं, कारण डोंबिवलीला पाण्याचं तसंच होतं. रेडिओ मधल्यानं नेला. आरसा ताईला द्यायचा हे आईनं आधीच ठरवलं होतं. पाठ्यपुस्तकं तळमजल्यावरच्या मुलांना दिली, नावांच्या यादीत त्यांनी आपली नावं घालून घेतली. शिडी मात्र कुणाच्याच कामाची नव्हती, नव्या घरांना पोटमाळे नव्हते. ती शेजारच्या बिऱ्हाडानं मागून घेतली. त्यांची शिडी मोडकी होती आणि त्यांचा मुलगा येत्या जूनमध्ये दहावीला जाणार होता.