चव घेणारा आणि पाणी भरणारे

धर्मगुरुदीक्षा मिळून मला अठ्ठावीस वर्षे झाली. रोजची एक मिस्सा धरली तरी दहा हजारांहून अधिक वेळा मी द्राक्षारसाचा प्याला ओठांना लावला आहे. आणि तरीही, वाचकहो, द्राक्षारसाची चव कशी असते असे गेल्या फेब्रुवारीपर्यंत कोणी विचारले असते, तर मला उत्तर देता आले नसते. सेमिनरीत आम्हांला द्राक्षारस शिकवला गेला तो कायद्याच्या भाषेत. धर्मसंहितेच्या ९२४व्या कलमानुसार तो द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा. अर्पणाच्या वेळी त्यात किंचित पाणी मिसळावे. विधी संपल्यावर प्याल्यात एकही थेंब मागे राहू नये. चवीविषयी कोणी काही बोलले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

वेदीबाहेर मात्र मी मद्याचा हाडवैरी. त्याला कारणेही आहेत. नाशिक जिल्ह्यातील ज्या धर्मग्रामात मी सध्या आहे, तेथे तरुणपणीही काही वर्षे होतो. त्या काळात मी दारूने गेलेल्या चार पुरुषांची प्रेते मातीआड केली. त्यांतल्या एकाचा मुलगा सातवीत होता आणि माझा वेदीसेवक होता. बापाच्या मिस्सेलाही तोच घंटी घेऊन उभा राहिला. त्याची आई द्राक्षबागांत मजुरीला जाई. तिने मुलाला शिकवले, आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन तो द्राक्षारसाच्या कारखान्यात, म्हणजे वायनरीत, नोकरीला लागला. मी तेव्हा बदलून दुसऱ्या गावी गेलो होतो. ही बातमी सांगायला तो एस.टी.ने पेढे घेऊन आला. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, ‘ज्या बाटलीने तुझ्या आईचे कपाळ पांढरे केले, तीच आता तू भरणार?’

तो काही बोलला नाही. आशीर्वाद न मागताच उठला. पेढ्यांचा पुडा टेबलावरच राहिला.

त्यानंतर दहा वर्षे लोटली. महागुरुस्वामींनी मला पुन्हा या धर्मग्रामात पाठविले. तो रविवारी आईला घेऊन मिस्सेला येई, मागच्या बाकावर बसे आणि शेवटचे गीत संपण्यापूर्वी निघून जाई. गेल्या फेब्रुवारीत तो अचानक सॅक्रिस्तीच्या दारात उभा राहिला. ‘फादर, तोडणी सुरू आहे. एकदा येऊन बघा. प्यायला बोलवत नाही, चाखायला बोलवतो.’ या दोन क्रियापदांतला फरक मला तेव्हा कळला नाही. पण ते आमंत्रण नाकारण्याचा अधिकार मी दहा वर्षांपूर्वीच गमावला होता, एवढे कळले.

गंगापूर धरणाच्या बाजूला, सुला या वायनरीच्या आवारात, मी माझी मोटारसायकल उभी केली. या मळ्याची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. कॅलिफोर्नियातील संगणक कंपनीची नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळच्या कौटुंबिक जमिनीत आधी आंबा, गुलाब, खाण्याची द्राक्षे असे प्रयोग केले. १९९७ साली त्यांनी सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या वाइनच्या जाती लावल्या. २००० साली पहिल्या बाटल्या निघाल्या. पुढच्याच वर्षी शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि बेदाणा व निर्यातीच्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध असलेला हा जिल्हा वाइनसाठीही ओळखला जाऊ लागला.

आमच्या वेलींची एक अडचण आहे. युरोपातली वेल हिमाच्या थंडीत झोपते. नाशिकच्या वेलीला अशी झोप नाही. म्हणून माणसालाच कात्री घेऊन तिला वर्षाचे वळण लावावे लागते. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि फ्रान्समध्ये जी तोडणी शरद ऋतूत होते ती येथे जानेवारी ते मार्चमध्ये. हे मी तेथे गेल्यावर शिकलो असे नाही. माझ्या धर्मग्रामातल्या निम्म्या स्त्रिया या छाटण्यांच्या वेळापत्रकावर जगतात. पेस्ट लावणे, फेलफूट काढणे, विरळणी, तोडणी हे शब्द मला पापनिवेदनाच्या खुर्चीत बसूनही ऐकू आले आहेत.

त्याने पाच पेले मांडले आणि शेजारी एक पिकदाणी ठेवली. ‘तोंडात घ्या, फिरवा, आणि थुंका. तुम्हांला गाडी चालवायची आहे.’

पहिला पेला सॉव्हिन्यॉन ब्लाँचा. मी घोट घेतला आणि क्षणात गिळून टाकला. त्याने माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या घोटालाही तेच झाले. प्याल्यातले थुंकावे ही गोष्ट माझ्या जिभेला अठ्ठावीस वर्षांत ठाऊकच नव्हती. इतकेच काय, पेला रिकामा झाल्यावर माझा हात सवयीने पाण्याकडे गेला. पेला विसळून तेही पाणी पिऊन टाकावे, अशी ओढ त्या हाताला होती. तो हसला. दहा वर्षांत मी त्याला प्रथमच हसताना पाहत होतो. ‘फादर, ही वेदी नाही.’

तिसऱ्या खेपेस मी थुंकलो, आणि त्या क्षणी मला चव लागली. हे विचित्र वाटेल. पण गिळण्याची घाई संपल्यावरच जिभेला बोलायला सवड मिळाली. कच्च्या कैरीचा आंबटपणा, ढोबळी मिरची चिरताना येतो तसा हिरवा वास, मागे पेरूच्या सालीची तुरट आठवण. मग शेनिन ब्लाँ. त्यात पिकलेला पेरू, थोडा अननस, आणि शेवटी ओठांवर राहणारी किंचित गोडी. रिस्लिंगमध्ये मोसंबीच्या फुलांचा वास होता. दिंडोरीच्या नावाने भरलेला व्हिओनिए जिभेवर जड बसणारा, जर्दाळूची आठवण देणारा. त्याने सांगितले की पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे पिळताच रस सालींपासून वेगळा करतात आणि पोलादी टाक्यांत गार ठेवून आंबवतात. उष्णता वाढली की हे नाजूक वास उडून जातात. म्हणून तोडणीही पहाटेच्या गारव्यात.

पाचवा पेला लेट हार्वेस्ट शेनिनचा, म्हणजे वेलीवर जास्त दिवस राखलेल्या, साखर साठलेल्या द्राक्षांचा. तो नाकाशी नेला आणि मी थबकलो. मध, आणि त्याच्या पाठीमागे मनुका. हा वास माझ्या ओळखीचा होता! आमच्या वेदीवरच्या गोड द्राक्षारसाचा तो दूरचा नातेवाईक होता. मला चव ठाऊक नव्हती असे नाही. मी तिच्याकडे कधी वळून पाहिले नव्हते, एवढेच.

मग तो मला फसफसणाऱ्या वाइनकडे घेऊन गेला. येथे मला थोडी फुशारकी मारण्याची संधी होती. ‘शॅम्पेन आमच्याच एका संन्याशाने शोधून काढली,’ मी म्हणालो. सेमिनरीत ऐकलेली ती कथा: ओव्हिलेर मठाचा बेनेडिक्टाइन कोठारप्रमुख दोम पेरिन्यों, ज्याने बाटलीत तारे कोंडले. माझ्या माजी वेदीसेवकाने अत्यंत आदराने माझी चूक दुरुस्त केली. दोम पेरिन्यों १६६८ पासून त्या मठाचे कोठार सांभाळत होता आणि वेगवेगळ्या मळ्यांतील द्राक्षांचा मेळ घालण्यात तो निष्णात होता हे खरे. पण बाटलीतले बुडबुडे हा त्याच्या काळी दोष मानला जाई, आणि तो टाळण्याचीच त्याची खटपट होती. थंडीत आंबणे थांबे, वसंतात बाटलीत पुन्हा सुरू होई, आणि बाटल्या फुटत.

आज हाच दोष जाणूनबुजून घडवतात. तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आतल्या आत ती दुसऱ्यांदा आंबते. वायूला बाहेर वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो. हा दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटी-तिपटीचा असतो. यीस्ट मरून तळाशी बसते आणि महिनोन्‌महिने वाइन त्या मृत गाळावर पडून राहते. पुढे बाटली हळूहळू उलटी करीत, फिरवीत, गाळ मानेपाशी आणतात, मान गोठवतात आणि बूच काढतात. आतल्या दाबाने गाळाचा गोळा आपोआप बाहेर फेकला जातो. बाटल्या अशा फिरवण्याची रीत १९व्या शतकाच्या आरंभी रॅंस येथील मादाम क्लिको हिच्या तळघरात रुजली. १८०५ साली, सत्ताविसाव्या वर्षी, तिचा नवरा वारला आणि धंदा तिने स्वतः उभा केला. तिच्या बाटलीवरील फ्रेंच शब्दाचा अर्थच ‘विधवा’ असा आहे.

तो शब्द उच्चारून तो क्षणभर थांबला. मीही.

सुलाची ब्रूत याच जुन्या पद्धतीने बनते. त्याने ओतली. बुडबुड्यांची बारीक माळ तळापासून वर चढत राहिली. लिंबाचा तरतरीतपणा होताच. पण त्याखाली मला ताज्या पावाचा वास आला. मी भीत भीत तसे म्हणालो. तो म्हणाला, ‘बरोबर ओळखलंत. मेलेल्या यीस्टवर वाइन राहते ना, तिथून तो वास येतो.’ द्राक्षारसात भाकरीचा वास! यावर प्रवचन रचण्याचा मोह मला झाला, आणि मी तो आवरला. त्या जागी बोलायचे होते ते निराळेच.

‘त्या दिवशी तुझे पेढे खाऊन मी जे बोललो, ते चुकले,’ मी म्हणालो.

तो पिकदाणी पुसत होता. ‘सगळं चुकलं नव्हतं, फादर. हंगामात मी रोज वीस-वीस नमुने तोंडात घेतो आणि थुंकतो. बाबा आठवतात, म्हणूनच थुंकता येतं.’

वाइन म्हणजे दारू की नव्हे? किराणा-भुसाराच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा हा वाद महाराष्ट्रभर पेटला होता. माझे उत्तर आजही बदललेले नाही. शेकडा बारा-तेरा भाग मद्यार्क असलेले पेय म्हणजे दारूच. गरिबाच्या घरात ती शिरली तर पाहुणी म्हणून शिरत नाही. बदलले आहे ते एवढेच, की पिणे आणि चाखणे ही एका वस्तूची दोन टोके असू शकतात हे मला आता दिसते. पिणारा स्वतःला विसरण्यासाठी पेला उचलतो. चाखणाऱ्याला स्वतःला विसरून चालत नाही. संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत संन्याशांना रोजचे ठराविक माप मंजूर केले, ते काहीसे नाइलाजाने, आणि तृप्तीपर्यंत न पिण्याची अट घालून. मी वेदीखाली उतरून द्वेष शिकवला. मिताचार शिकवायचा मात्र राहून गेला.

दुपारी त्याच्या घरी जेवलो. आई आदल्या पहाटे तीन वाजता तोडणीला गेलेली. बोटांना कात्रीचे घट्टे. मी सांगितले की मी आज तिच्या मुलाच्या हातचे चाखून आलो. ती म्हणाली, ‘दारूनं माझा माणूस नेला, फादर, आन् द्राक्षानं माझं पोर शिकलं. दोघांचा हिशेब एका वहीत कसा मांडू?’

‘तुम्ही कधी चाखलीत?’

‘नाय बा. वासच सोसत नाय. पोराच्या कपड्यांना येतो, तेवढा सोसते.’

काना गावातल्या लग्नावर मी किती प्रवचने दिली असतील! सहा दगडी रांजण, पवित्र मातेचा शब्द, पाण्याचा द्राक्षारस. पण संत योहानाने तेथे कंसात घातल्यासारखे एक वाक्य लिहिले आहे, त्याच्याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. भोजनप्रमुखाने चव घेतली, वाखाणली; पण तो रस कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. ज्या चाकरांनी पाणी भरले होते, त्यांना ते ठाऊक होते. चव घेणारा एक आणि जाणणारे दुसरे. त्या सकाळी मी सहा पेल्यांविषयी बरेच शिकलो होतो. जी बाई ते सारे पहाटेच्या अंधारात तोडत आली, तिने एकही थेंब ओठाला लावला नव्हता, आणि जाणत होती तीच.

पुढच्या रविवारी अर्पणाच्या मिरवणुकीत तिची पाळी होती. भाकरीचे तबक एका मुलीच्या हाती, द्राक्षारसाची काचेची कुपी तिच्या हाती. ही बाई कुपी अंगापासून हातभर लांब धरून आणते हे मी पूर्वीही पाहिले होते आणि आदराची रीत समजलो होतो. त्या दिवशी मी दोन पावले पुढे झालो आणि ती कुपी तिच्या हातून लवकर घेतली.