गुरूने दिलेली मोकळीक

गुरुशिष्यांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. उच्चासनावर बसलेला गुरू आणि त्याच्या पायांशी हात जोडून बसलेला शिष्य. माध्यमिक शाळेत मराठी व संस्कृत शिकवीत असताना गुरुपौर्णिमेची अनेक भाषणे मी ऐकली. बहुतेक सारी याच चित्राभोवती फिरत. उपनिषदांचे पान उघडावे, तर तेथे मात्र नाते याहून मोकळे दिसते.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा घ्या. गुरुगृही जाण्यापूर्वी त्याने आपल्या आईला, जबालेला, गोत्र विचारले. तरुणपणी ठिकठिकाणी सेवाचाकरी करीत असताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही, असे तिने सरळ सांगितले. मुलाने हारिद्रुमत गौतमांपुढे आईचे सांगणे जसेच्या तसे ठेवले. तो सत्यापासून ढळला नाही म्हणून गौतमांनी त्याला शिष्य केले. असे ब्राह्मणावाचून कोण बोलेल, हा त्यांचा उद्गार मात्र त्या काळच्या वर्णकल्पनेत अडकलेला आहे, हेही नजरेआड करता येत नाही. पुढे रानात बैल, अग्नी, हंस आणि मद्गू पक्षी यांनी सत्यकामाला ज्ञान दिले. तो परतला तेव्हा त्याच्या मुखावरचे तेज पाहून, तुला कोणी शिकवले, असे गौतमांनी विचारले. शिष्य इतरांकडून शिकून आला याचा रोष त्यांनी धरला नाही. तीच विद्या त्याला शिकविली, काहीही न वगळता.

शिष्याने सत्य बोलावे, हे झाले एका बाजूचे. प्रश्नोपनिषदात तीच अट गुरूलाही लागू होते. समिधा घेऊन आलेल्या सहा जिज्ञासूंना पिप्पलाद ऋषी वर्षभर राहायला सांगतात आणि म्हणतात, मग हवे ते विचारा. आम्हांला ठाऊक असेल तर सारे सांगू. त्या ‘असेल तर’मध्ये केवढा प्रामाणिकपणा आहे! त्या सहांपैकी सुकेशा स्वतःचा अनुभव सांगतो. कोसलच्या राजपुत्राने त्याला एक प्रश्न विचारला, तेव्हा त्याने ‘मला ठाऊक नाही’ असे स्पष्ट सांगितले होते. कारण असत्य बोलणारा मुळापासून सुकतो, अशी त्याची धारणा होती.

एकदा नववीच्या वर्गात एकलव्याची गोष्ट चालली होती. निषादपुत्र म्हणून द्रोणाचार्यांनी त्याला नाकारले. त्याने मातीची मूर्ती करून धनुर्विद्या साधली. मग अर्जुनाला दिलेले वचन राखण्यासाठी द्रोणांनी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मागितला. एक मुलगी उठून म्हणाली, “सर, ज्यांनी शिकवलं नाही आणि शिकलेलं काढून घेतलं, त्यांना गुरू का म्हणायचं?” वर्ग स्तब्ध झाला. एकलव्याच्या निष्ठेचे गोडवे गाऊन तो प्रश्न मिटवणे सोपे होते. परंतु तिने निष्ठेविषयी विचारलेच नव्हते. प्रश्न द्रोणांविषयी होता, आणि आचार्यपदावर बसणाऱ्या प्रत्येकाविषयी.

मी त्यांना तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली सांगितली. अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य शेवटचा उपदेश करतात. माता, पिता, आचार्य व अतिथी यांना देव मानावे, हा त्यातला भाग आपल्या भाषणांतून हटकून येतो. त्यापुढे लगेच आचार्य जे सांगतात, ते सहसा वगळले जाते. आमची जी चांगली वर्तणूक असेल तेवढीच तू स्वीकार, इतर नको, असे ते म्हणतात. स्वतःला देव मानायला सांगणारा गुरू त्याच दमात आपल्यात उणे असू शकते हे मान्य करतो, आणि ते पारखण्याचा अधिकार शिष्याच्या हाती देतो.

त्या मुलीला मी एवढेच म्हणालो, “बाळ, ही पारख करायला तुला उपनिषदाचीच अनुज्ञा आहे. ती माझ्याबाबतीतही वापर.” वर्गात हशा पिकला. ती मात्र हसली नाही. तिने वहीत काहीतरी टिपून घेतले.

शिक्षकाविषयी आदर कमी झाला, अशी तक्रार आज घराघरांतून ऐकू येते. आदर हवाच. परंतु तो मागण्यापूर्वी ‘मला ठाऊक नाही’ म्हणण्याचे बळ आणि ‘माझे सारेच घेऊ नकोस’ म्हणण्याची नम्रता आपल्यापाशी आहे का, हे आपण शिक्षकांनी, आणि आईबापांनीही, स्वतःला विचारायला हवे.